मानांकन आणि मानपान

लग्नाच्या पंगतीत मुलाच्या आत्याच्या यजमानांना कोपऱ्यातलं पान मिळालं तर पुढे काय काय होतं, हे मी तुम्हाला सांगायला नको. आमच्या घराण्यात अशाच एका पानावरून दोन घरांचं बोलणं अकरा वर्षं बंद होतं. पान केळीचंच होतं, वाढलेले पदार्थही तेच होते, जिलबीसुद्धा तीच होती. पण ते मोरीच्या अंगाला मांडलं होतं. असले रुसवेफुगवे आपल्याकडेच असतात, सुधारलेल्या देशात माणसं येतात, जेवतात आणि आभार मानून जातात, अशी माझी पुष्कळ वर्षं समजूत होती. ती माझ्या अमेरिकेतल्या भाच्याने घालवली.

त्याचं असं झालं. काही वर्षांपूर्वी मार्च महिन्यात मी त्याच्याकडे राहायला गेलो होतो. रविवारची संध्याकाळ. भाचेसूनबाईंनी पोहे केलेले. भाचा मात्र पोह्यांकडे न बघता टेलिव्हिजनसमोर दहावीच्या निकालाला बसावं तसा बसलेला. पडद्यावर कॉलेजांची नावं एकेक करून झळकत होती. एवढ्यात त्याच्या कॉलेजचं नाव आलं आणि हा ओरडला, "आठवा? मामा, आठवा नंबर दिला हो आम्हाला!"

मी म्हणालो, "अरे, एवढ्या मोठ्या देशात आठवा म्हणजे वाईट काय?"

त्याने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती मी पूर्वी एकदाच पाहिली होती. आत्याच्या यजमानांची. मोरीजवळ.

मग पोहे गार होईपर्यंत त्याने मला सगळं समजावलं. कॉलेजांच्या बास्केटबॉलची ही राष्ट्रीय स्पर्धा एनसीएए नावाची संस्था भरवते. एक सामना हरला की संघ घरी. संघांचे चार विभाग करतात आणि प्रत्येक विभागात एक ते सोळा असे क्रमांक देतात. यालाच मानांकन म्हणायचं. इंग्रजीत त्याला 'सीड' म्हणजे बी म्हणतात, पण मला आपला मराठी शब्द जास्त खरा वाटतो, कारण त्यात 'मान' आहे आणि भांडण सगळं मानाचंच आहे. पहिल्याची गाठ सोळाव्याशी, दुसऱ्याची पंधराव्याशी; कुठल्याही जोडीची बेरीज सतरा. म्हणजे आठवा खेळणार नवव्याशी, आणि जिंकला तर पुढे बहुधा थेट पहिल्याशी! त्यापेक्षा दहावा बरा. तो सातव्याशी खेळतो आणि पहिल्यापासून जरा लांब राहतो. थोडक्यात, आठवं पान म्हणजे मोरीजवळचंच पान.

त्या रात्री झोप येईना, म्हणून भाच्याच्या कपाटातली या स्पर्धेवरची पुस्तकं काढून बसलो. बघतो तर हा रुसवा त्याच्या एकट्याचा नव्हता. त्याला बराच जुना इतिहास होता.

स्पर्धा सुरू झाली 1939 साली. देशाचे आठ भाग आणि प्रत्येक भागाचा एक संघ. ओरेगनने ओहायो स्टेटला 46-33 असं हरवलं आणि भरवणाऱ्या प्रशिक्षकांना सुमारे अडीच हजार डॉलरचा खड्डा पडला. आठच पानं, आणि यजमान कर्जात. मानपान करायला कुणाला सवड होती?

पंगत वाढली तसा मान आला. पण बरीच वर्षं एक विचित्र नियम होता : एका साखळीतून म्हणजे कॉन्फरन्समधून एकच संघ घ्यायचा. एका घरातून एकालाच आमंत्रण! 1971 साली सदर्न कॅलिफोर्नियाच्या संघाने 24 सामने जिंकले, दोनच हरले, आणि ते दोन्ही यूसीएलएकडून. यूसीएलए त्यांच्याच साखळीत. मग काय, बसले घरी. 1974 साली तर कहर झाला. साखळीच्या अंतिम सामन्यात जादा वेळेनंतर नॉर्थ कॅरोलायना स्टेटने मेरीलँडला 103-100 असं हरवलं. जिंकलेला संघ पुढे राष्ट्रीय विजेता झाला. हरलेला, जो देशात चौथा समजला जात होता, त्याला स्पर्धेत पाऊलही टाकता आलं नाही. तीन गुणांनी एका वर्षाची मेहनत मातीत गेली. पुढच्याच वर्षी, 1975 मध्ये, संघ 32 झाले आणि घरटी एकाचा नियम गेला. मेरीलँडच्या त्या मुलांना त्याचा काय उपयोग? नियम नेहमी दुसऱ्याच्या मुलासाठी बदलतात.

आणि खरेखुरे रुसलेले व्याहीही सापडले. मार्क्वेट कॉलेजचे प्रशिक्षक अल मॅग्वायर. 1970 साली त्यांच्या संघाला घराजवळच्या विभागात न घालता दूर टेक्सासच्या फोर्ट वर्थला धाडायचं ठरलं. गृहस्थांनी आमंत्रणच परत पाठवलं! दुसऱ्या एका स्पर्धेच्या पंगतीला जाऊन बसले आणि ती जिंकून आले. पुढे 1977 साली याच मोठ्या स्पर्धेचं विजेतेपदही त्यांनी मिळवलं. आमच्या आत्याच्या यजमानांना हे कळायला हवं होतं. त्यांनी उगाच अकरा वर्षं नुसतीच काढली.

सगळ्यांनाच क्रमांक द्यायची पद्धत 1979 पासूनची. तेव्हा संघ 40 होते. त्या वर्षी लॅरी बर्डचा इंडियाना स्टेट पहिल्या मानांकनावरून आणि मॅजिक जॉन्सनचा मिशिगन स्टेट दुसऱ्यावरून अंतिम सामन्याला आला आणि दुसऱ्याने पहिल्याला 75-64 असं हरवलं. पहिल्याच वर्षी दुसरा जिंकला. यावरून समितीने बोध घ्यायला हवा होता. तिने गणित घेतलं.

1981 मध्ये आरपीआय नावाचं सूत्र आलं. पुष्कळ वर्षं त्याचा हिशेब असा होता : तुमचे स्वतःचे विजय पाव हिस्सा, प्रतिस्पर्ध्यांचे विजय अर्धा हिस्सा, आणि प्रतिस्पर्ध्यांच्या प्रतिस्पर्ध्यांचे विजय उरलेला पाव. हे वाचून मी गादीवर उठून बसलो. अहो, ही तर आपली स्थळं बघायची पद्धत! मुलाचं कर्तृत्व चार आणे, सोयरे आठ आणे, आणि सोयऱ्यांचे सोयरे चार आणे. 2018 साली हे सूत्र मोडीत काढून नवं आणलं. भांडणं मोडीत निघाली नाहीत.

क्रमांक कसे द्यायचे याची इतकी काळजी घेतात, की समितीतल्या सभासदाच्या स्वतःच्या कॉलेजची चर्चा निघाली की त्याने खोलीबाहेर जायचं असतं. तरी चुका होतातच. ब्रिघम यंग विद्यापीठाचा संघ धर्मामुळे रविवारी खेळत नाही. 2003 साली त्यांना नेमकं अशा जागी घातलं, की जिंकत गेले तर रविवारीच खेळावं लागावं. म्हणजे एकादशीवाल्याला पुरणपोळीच्या पंगतीत बसवण्यातलाच प्रकार. पुढे अदलाबदल करायचं कबूल करावं लागलं. सुदैवाने संघ पहिल्याच सामन्यात हरला आणि समिती सुटली.

विचिटा स्टेटचं तर फारच वाईट झालं. 2014 साली ते 34 सामने जिंकून, एकही न हरता आले. पहिलं मानांकन मिळालं. आणि दुसऱ्याच सामन्यात समोर आठवा केंटकी! 78-76 ने विचिटा गेलं आणि केंटकी थेट अंतिम सामन्यापर्यंत पोचलं. म्हणजे आठव्याला पहिला नको असतो हे खरं. पण पहिल्यालाही असला आठवा नको असतो.

पहाटे मला हवं ते सापडलं. चहाला बसल्याबसल्या मी भाच्याला म्हणालो, "1985 साली काय झालं, ठाऊक आहे?"

"चौसष्ट संघ झाले," तो मरगळल्या आवाजात म्हणाला.

"आणि जिंकलं कोण?"

तो गप्प. मग हळूच म्हणाला, "व्हिलानोव्हा. जॉर्जटाउनला 66-64."

"मानांकन?"

"आठवं," तो म्हणाला, आणि काल रात्रीचे पोहे गरम करून मागितले.

त्याचा संघ त्या वर्षी जिंकला नाही, हे सांगून टाकतो. नवव्याला हरवलं, पहिल्याकडून हरला. शेवटच्या वर्षातली मुलं डोक्यावर टॉवेल घेऊन बाकावर बसली होती. त्यांना आता 'पुढच्या वर्षी' नव्हतं. भाचा बराच वेळ काही बोलला नाही. मीही 'खेळच तो' वगैरे म्हणालो नाही. आत्याच्या यजमानांना आम्ही सगळे 'पानच ते' म्हणालो होतो. अकरा वर्षं त्यामुळेच तर गेली.

2018 साली भाच्याचा मध्यरात्री फोन आला. "मामा, सोळाव्याने पहिल्याला हरवलं!" 1985 पासून 135 वेळा सोळावा संघ पहिल्याकडून हरला होता, 136 व्या वेळी मेरीलँड-बाल्टिमोर काउंटीने व्हर्जिनियाला 74-54 ने झोपवलं. दोघांचाही त्या संघाशी काही संबंध नव्हता. तरी आम्ही अर्धा तास बोललो. आणि तो पहिला? व्हर्जिनिया पुढच्याच वर्षी, 2019 मध्ये, विजेता झाला. तो रुसून बसला नाही.

परवा पुतणीच्या लग्नात मला पान मिळालं ते अगदी टोकाला, हात धुवायच्या बेसिनशेजारी. बायको माझ्या तोंडाकडे बघत होती. मी ओळीतली पानं मोजली. माझं सोळावं. पहिल्या पानावर व्याही बसले होते.

मी मुकाट्याने बाह्या वर केल्या. जिलब्यांत मी त्यांना चार नगांनी हरवलं.