व्हाइटचॅपलच्या त्या पाच जणी

१८८८ साली लंडनच्या व्हाइटचॅपल भागात पाच गरीब स्त्रियांचे खून झाले. खुनी सापडला नाही; पाचही जणी मात्र वेश्या ठरल्या. इतिहासाच्या विद्यार्थ्याने येथे पुरावा मागावा. २०१९ मध्ये हॅली रुबेनहोल्ड या लेखिकेने तो मागितला. मेरी जेन केली तो व्यवसाय करी, हे मान्यच. परंतु ॲनी चॅपमन विणकाम व फुले विकी. कॅथरीन एडोज केंटच्या मळ्यांत मजुरी करून नुकतीच परतली होती. एलिझाबेथ स्ट्राइडचे नाव तरुणपणी स्वीडनच्या पोलिसांच्या यादीत होते खरे. पण मृत्यूच्या आदल्या दिवशी तिने खोल्या झाडून ६ पेन्स मिळविले होते. आणि मेरी ॲन निकोल्स? तिच्याजवळ बिछान्याच्या भाड्याचे ४ पेन्स नव्हते, म्हणून ती बिचारी त्या रात्री रस्त्यावर होती.