मंद फिल्म आणि जुळणाऱ्या दोन प्रतिमा

‘स्लाइड’ हा शब्द मुळात कॅमेऱ्याच्या घरातला नाही. मॅजिक लँटर्नच्या दिव्यापुढे रंगवलेली काच खाचेतून सरकवायची, म्हणून ती स्लाइड. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ‘शांबरिक खरोलिका’ या भारदस्त नावाने मराठी प्रेक्षकांना हाच खेळ दाखवला, तेव्हाही अशाच काचा सरकत होत्या. चौकटीचा आकार आला सिनेमाकडून. वेट्झलारच्या लाइट्झ कारखान्यातल्या ऑस्कर बर्नाकने ३५ मिमीची सिनेफिल्म आडवी चालवली आणि सिनेमाच्या दोन चौकटींची २४ × ३६ मिमीची एक केली. तो लायका कॅमेरा १९२५ साली बाजारात आला. प्रवासातली रंगीत स्लाइड त्यामुळे अल्बमपेक्षा पडद्याची वारस जास्त. पण ती टिपायला पुढची दोन दशके रेंजफाइंडर कॅमेराच का लागला, याचे उत्तर बहुतेक जण रुबाबात किंवा जर्मन काचेच्या कौतुकात शोधतात. माझ्या मते ते फिल्मच्या मंदपणात आहे.

लिओपोल्ड मानेस आणि लिओपोल्ड गोडोव्स्की हे दोघे पेशाने संगीतकार. त्यांनी सिद्ध केलेली कोडॅक्रोम ही रंगीत फिल्म १९३५ मध्ये सिनेमासाठी आणि १९३६ मध्ये ३५ मिमीच्या कॅमेऱ्यासाठी निघाली. त्याआधी रंग हवा तर ऑटोक्रोमच्या काचा, तिवई आणि सेकंदांत मोजायचे एक्स्पोजर, असा लवाजमा घेऊन हिंडावे लागे. आता रोलभर चित्रे मुठीत मावू लागली. रंगद्रव्ये फिल्म धुताना चढत असल्यामुळे ते काम घरच्या अंधारखोलीचे नव्हते. रोल टपालाने फिल्म बनवणाऱ्या कंपनीकडे जाई आणि काही वर्षांतच पुठ्ठ्याच्या दोन इंची चौकटींत बसून परतू लागला. प्रवाशाची सोय झाली, पण फिल्मची गती जेमतेम १० एएसएच्या आसपास होती. लख्ख उन्हात एफ/५.६ ला सेकंदाचा ऐंशीवा भाग लागे. माणूस उन्हातून व्हरांड्याच्या सावलीत आला की उजेड तीन स्टॉपने उतरणार. शटर तेच ठेवायचे तर भिंग एफ/२ पर्यंत उघडायला हवे. आणि ५० मिमीच्या भिंगाने एफ/२ ला दोन मीटरवरचा चेहरा टिपला, तर नीट फोकसमध्ये राहणारी खोली वीतभर. अंतराचा अंदाज वीतभर चुकला तरी डोळे पुसट आणि कान स्पष्ट! १९३२ च्या लायका दोनमध्ये रेंजफाइंडर भिंगाला जोडलेला होता, तो इथे उपयोगी पडला. छोट्या झरोक्यात एकाच माणसाच्या दोन प्रतिमा दिसतात. भिंगाची कडी फिरवत त्या एकमेकींवर बसवल्या की अंतर साधले. यात भिंग किती उघडे आहे याने काही फरक पडत नाही, झरोक्यातला उजेड तेवढाच राहतो.

यावर एक आक्षेप रास्त आहे. कागदावरचा फोटो छापताना कापता येतो, स्लाइड टिपली तशीच पडद्यावर जाते. मग भिंगातून नव्हे तर शेजारच्या खिडकीतून बघणारा कॅमेरा तिला कसा चालेल? जवळच्या फुलाला तो खरोखरच चालत नाही. पण घाट, बाजार, रस्ता यांच्या अंतराला ही तफावत नगण्य, शिवाय पुठ्ठ्याची चौकटही चारी बाजूंनी चित्राची किनार थोडी खातेच. दुसरा आक्षेप असा की आरशाच्या मदतीने भिंगातूनच बघू देणारा ३५ मिमीचा एसएलआर, म्हणजे किने एक्झाक्टा, त्याच १९३६ साली आला होता. आला होता खरा. पण त्यात वरून डोकावून बघावे लागे, डावे-उजवे उलटे दिसे, बटण दाबल्यावर आरसा वरच अडकून राही, आणि छिद्र आवळताच काच अंधारे. चालत्या माणसाच्या हातात हे निभत नाही. राहिला पैशाचा मुद्दा. लायका महाग होता, पण मिशिगनमध्ये बनणारा आर्गस सी-३ १९३९ पासून स्वस्तात मिळे. दिसायला अगदी वीट, तरी जोडलेला रेंजफाइंडर त्यातही होता. रुबाबासाठी तो कोणी घेतला असेल असे वाटत नाही.

गंमत अशी की लायकाचा एम-३, ज्यात चौकट बघण्याचा आणि अंतर जुळवण्याचा झरोका एक झाला, तो १९५४ साली आला. आणि त्याच वर्षी जपानच्या असाहीफ्लेक्समध्ये झटकन खाली परतणारा आरसाही आला. १९५९ मध्ये निकॉन एफ हा एसएलआर निघाला, १९६१ मध्ये कोडॅक्रोमची गती २५ एएसएवर गेली. वीतभर खोलीची सक्ती सैल होत गेली, आणि स्लाइड काढणारे प्रवासी हळूहळू एसएलआरकडे वळले.