केबल-स्टेपल

केबल-स्टेपल : केबल लाकडावर बसवण्यासाठी वापरला जाणारा यू आकाराचा तारेचा चाप. स्टेपल ठोकणारे हत्यार म्हणजे स्टेपल गन. दूरध्वनी, डिश टीव्ही, सीसीटीव्ही, स्पीकर आणि इंटरनेट यांच्या केबली, म्हणजे ‘लो-व्होल्टेज’ केबली, हे तिचे क्षेत्र. घरातल्या २३० व्होल्टच्या वायरिंगला ती वापरू नये. हा भेद सुरुवातीलाच सांगावा लागतो, कारण भारतीय विद्युत नियम, १९५६ नुसार २५० व्होल्टपर्यंतचा दाब ‘लो’ याच वर्गात मोडत असे, आणि गावात ‘व्होल्टेज लो आहे’ म्हणजे पंखा मंद फिरतो आहे. इथे ‘लो’ म्हणून अभिप्रेत आहे तो २५० व्होल्टहून पुष्कळ कमी, साधारण ५० व्होल्टच्या आतबाहेरचा दाब. भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यातील नाकाडोंगरी आणि आसपासच्या मँगनीज पट्ट्यातील गावांसारख्या ठिकाणी हा विषय आता घरगुती झाला आहे. ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेणारी योजना २०११ साली मंजूर झाली आणि २०१५ पासून ती ‘भारतनेट’ म्हणून ओळखली जाते. पण केबल पंचायतीपर्यंत कितीही नीट आली, तरी तिचे शेवटचे काही मीटर कुणाच्या तरी भिंतीवरून आणि वाशांवरूनच जातात.

स्टेपल निवडण्याआधी ती कशात ठोकायची ते पाहावे. स्टेपल गन मुळात लाकडी सांगाड्याच्या घरांची सोय आहे. अमेरिकेत ती रुळली ती त्यामुळेच. भंडाऱ्याच्या या झाडीपट्टीत जुने घर मातीच्या भिंतींचे, लाकडी म्याल-वाशांचे आणि कवेलूंचे (कौलांचे), तर त्याला लागून उभे नवे घर विटा-सिमेंटचे, स्लॅबचे. स्टेपल धरते ती फक्त लाकडात. सिमेंटच्या गिलाव्यावर तिचे पाय दुमडतात आणि मातीच्या भिंतीतून ती पहिल्या पावसाळ्यातच सैल होऊन गळते. म्हणून सिमेंटवर खिळ्याची प्लॅस्टिक क्लिप किंवा केसिंग पट्टी, मातीच्या भिंतीवर आधी लाकडी पट्टी, आणि म्याल-वाशांवर स्टेपल, अशी वाटणी करावी. लाकडी पट्टी हा काही नवा शोध नव्हे. जुन्या बॅटन वायरिंगमध्ये सागवानी पट्टीवर पत्र्याची लिंक क्लिप आधी खिळ्याने बसवत, मग वायर ठेवून क्लिप तिच्याभोवती दुमडत. आधी खिळा, नंतर वायर. त्यामुळे हातोडीचा घाव वायरपर्यंत पोचतच नसे. स्टेपलमध्ये हा क्रम उलटतो: घाव पडतो त्या क्षणी केबल त्याच्याखालीच असते. स्टेपल आणि गन यांची निवड म्हणजे या उलटलेल्या क्रमाची भरपाई होय.

ही भरपाई तीन गोष्टींनी होते. पहिली, स्टेपलची पाठ. गादीकामाची सपाट पाठीची स्टेपल केबलवर पट्टीसारखी बसून तिला चेपते, म्हणून केबलला गोल पाठीची किंवा प्लॅस्टिकचा पूल असलेलीच घ्यावी. दुसरी, गनचे तोंड. केबलच्या गनला खाली खाच असते. ती केबलवर बसते आणि स्टेपल ठरावीक उंचीवर थांबते. ॲरो टी-२५ या परिचित प्रकाराची खाच सुमारे ६.४ मिलिमीटरपर्यंतच्या केबलला पुरते. साधी कॅट-६ केबल सहाएक मिलिमीटरची असल्याने तीत बसते. डिशची आरजी-६ सुमारे सात मिलिमीटरची असल्याने बसत नाही, तिला प्लॅस्टिकच्या पुलाची मोठी स्टेपल किंवा क्लिप लागते. तिसरी गोष्ट लाकूड. गनच्या स्प्रिंगचा घाव एकसारखाच पडतो, लाकूड मात्र एकसारखे नसते: जुन्या, कसलेल्या सागात पाय अर्धेच जातात, हलक्या फळीत ते खोल रुततात. अर्धी बसलेली स्टेपल हातोडीने ठोकून पूर्ण करण्याचा मोह हेच केबल चेपण्याचे एक मोठे कारण आहे. ती उपटून आखूड पायांची नवी लावावी. बसवून झाल्यावर केबल दोन बोटांत धरून लांबीच्या दिशेने हलकेच ओढावी. स्टेपलखालून ती सरकली तर काम बरोबर झाले. उघड्या पडवीत जस्ताचा मुलामा असलेली स्टेपल घ्यावी, नाहीतर गंज आधी तारेला आणि मग केबलच्या आवरणाला लागतो.

चेपलेली केबल तुटत नाही, तरी बिघडते. डेटा केबलमध्ये तारांच्या चार पिळलेल्या जोड्या असतात आणि त्यांच्यातले अंतर कायम राहिले तरच तिचा १०० ओहमचा प्रतिबाध (इंपिडन्स) टिकतो. स्टेपलने आवरण दाबले की जोडीतल्या तारा जवळ येतात आणि त्या जागेवरून संकेताचा काही अंश परत फिरतो. एका स्टेपलचा परिणाम नगण्य. पण त्या अगदी समान अंतरावर बसल्या, तर परतणारे अंश एकमेकांत मिळतात. संकेत केबलमधून सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर वेगाने जातो. म्हणजे दर १.२ मीटरवर चेप असेल, तर ही बेरीज सुमारे ८३ मेगाहर्ट्झला होते, आणि कॅट-५ई केबल १०० मेगाहर्ट्झपर्यंतच्या कामासाठीच असते. डोळ्याला देखणी वाटणारी समान अंतराची ओळ म्हणूनच इथे टाळावी. कोपऱ्यावर वळण केबलच्या व्यासाच्या किमान चौपट त्रिज्येचे ठेवावे. फायबरला तर धातूची स्टेपल लावूच नये. काचेच्या तंतूवर बारीक दाब आला तरी प्रकाश बाहेर सांडतो, आणि घरापर्यंत येणाऱ्या १४९० नॅनोमीटरच्या प्रकाशाची हानी उलट जाणाऱ्या १३१० नॅनोमीटरपेक्षा जास्त होते.

‘चेपलेल्या केबलवरही नेट चालतेच की’ हा पहिला आक्षेप खरा आहे, पण अपुरा आहे. चालते, कारण उपकरणे चुकलेला डेटा पुन्हा मागवतात किंवा वेग उतरवून घेतात. दोष लपतो आणि वर्षभर ‘नेट स्लो आहे’ या तक्रारीत वावरतो. दुसरा आक्षेप : बारा व्होल्टने शॉक बसत नाही, मग एवढी काळजी कशाला? शॉक बसत नसला तरी आग लागू शकते. इन्व्हर्टर किंवा सोलरच्या बॅटरीतून येणाऱ्या दोन तारांना स्टेपलच्या पायाने जोडले, तर शेकडो ॲम्पिअरचा प्रवाह वाहू शकतो, आणि बारीक तार कोरड्या वाशांवरच तापते. म्हणून बॅटरीजवळ फ्यूज हवा, आणि २३० व्होल्टच्या वायरपासून ही केबल वेगळ्या वाशावरून न्यावी. ओलांडणे भागच असेल तर काटकोनात ओलांडावी. तिसरा आक्षेप वेळेचा : क्लिप एकेक ठोकावी लागते, गन झटपट चालते. लाकडावर हे मान्य करायलाच हवे, तिथे गन ही योग्य निवड आहे. पण स्टेपलचे काम केबलचे वजन पेलून तिला जागेवर ठेवण्याचे आहे, आवळण्याचे नाही. जी भिंत ती धरत नाही आणि जी केबल तिला सोसत नाही, तिथे वाचलेली पाच मिनिटे पुढे कवेलू काढून दोष शोधण्यात व्याजासकट जातात.