राष्ट्रीय आरोग्यनोंद पद्धती, इंग्लंडमधील

रुग्णाचे पूर्वीचे आजार, चालू औषधे, न सोसणारी औषधे, तपासण्यांचे निष्कर्ष इ. माहिती संगणकात साठवून ती देशातील अधिकृत वैद्यांना व रुग्णालयांना उपचारासाठी उपलब्ध करून देणारी व्यवस्था. बेशुद्धावस्थेत आणलेल्या रुग्णास पेनिसिलीन सोसत नाही, एवढी एक नोंद वेळेवर मिळाल्यास त्याचे प्राण वाचू शकतात; परंतु त्याच्या आजारांची माहिती अनधिकृत व्यक्तीच्या हाती पडल्यास त्याची नोकरी वा प्रतिष्ठा धोक्यात येऊ शकते. या दोहोंचा मेळ घालण्याच्या दृष्टीने इंग्लंडचा अनुभव विशेष बोधप्रद आहे.

पार्श्वभूमी : १९११ च्या राष्ट्रीय विमा कायद्यामुळे विमाधारक कामगारांना वैद्यकीय मदत मिळू लागली. त्यांच्या नोंदींसाठी प्रचारात आलेला कागदी लिफाफा तत्कालीन अर्थमंत्री डेव्हिड लॉइड जॉर्ज यांच्या नावाने ओळखला जाऊ लागला. ५ जुलै १९४८ रोजी राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाल्यावरही हा लिफाफा कायम राहिला. रुग्णाने कुटुंबवैद्य बदलला, की त्याचा लिफाफा नव्या वैद्याकडे जाई. रुग्णालयातील कागदपत्रे मात्र तेथेच राहत व कुटुंबवैद्यास पत्राने केवळ गोषवारा कळविला जाई. १९८० नंतर कुटुंबवैद्यांकडे संगणक येऊ लागले. १९९७ मध्ये फिओना कॅल्डिकॉट यांच्या समितीने गोपनीयतेची सहा तत्त्वे मांडली. माहिती आवश्यक तेवढीच व कामापुरती गरज असणाऱ्यासच द्यावी, हे त्यांचे सार होय. प्रत्येक व्यक्तीची आजन्म विद्युतीय नोंद ठेवण्याचे उद्दिष्ट शासनाने १९९८ मध्ये जाहीर केले.

राष्ट्रीय कार्यक्रम : हे उद्दिष्ट साधण्यासाठी २००२ मध्ये एक देशव्यापी कार्यक्रम हाती घेण्यात आला. इंग्लंडचे पाच विभाग पाडून खाजगी कंपन्यांशी सु. ६२० कोटी पौंडांचे करार करण्यात आले. २००६ मध्ये एकूण खर्चाचा अंदाज १,२४० कोटी पौंडांवर गेला. रुग्णालयांच्या कामाच्या रीती भिन्न असता त्यांच्यावर ठराविक साच्याच्या प्रणाली वरून लादल्या गेल्या; त्यामुळे काम रेंगाळले. एक कंपनी २००६ मध्ये बाहेर पडली, तर दुसरीचा करार २००८ मध्ये संपुष्टात आला. मार्च २०११ पर्यंत सु. ६४० कोटी पौंड खर्च झाले होते. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये कार्यक्रम मोडीत काढल्याचे शासनाने जाहीर केले. तथापि विविध प्रणालींना जोडणारी ‘स्पाइन’ ही मध्यवर्ती यंत्रणा, क्ष-किरण चित्रांची संगणकीय साठवण व ‘संक्षिप्त उपचारनोंद’ एवढे भाग टिकून राहिले.

संमतीचा प्रश्न : २००७ पासून प्रायोगिक स्वरूपात सुरू झालेल्या संक्षिप्त नोंदीसाठी रुग्णाने नकार न कळविल्यास त्याची संमती गृहीत धरली जाई. यास अनेक वैद्यांनी व नागरिकांनी विरोध केला. अखेर २०१० मधील फेरविचारानंतर मूळ नोंद औषधे, ॲलर्जी आणि औषधांचे दुष्परिणाम एवढ्यापुरती मर्यादित करण्यात आली व नकाराचा हक्क कायम ठेवण्यात आला. याच्या अगदी उलट, ‘केअर डेटा’ या योजनेत कुटुंबवैद्यांकडील माहिती संशोधन व नियोजनासाठी एकत्र करावयाची होती. तिची पत्रके जानेवारी २०१४ मध्ये घरोघरी पाठविण्यात आली. परंतु माहिती कोणास मिळणार, हे त्यांतून स्पष्ट होत नसल्याची टीका झाली. फेब्रुवारीत योजना स्थगित झाली व जुलै २०१६ मध्ये ती बंद करण्यात आली. उपचाराव्यतिरिक्त अन्य कारणांसाठी आपली माहिती वापरू न देण्याची देशव्यापी सोय २०१८ मध्ये रुग्णांना उपलब्ध झाली.

मूल्यमापन : लिफाफ्याच्या काळात नोंद रुग्णाच्या परिचयाच्या वैद्याच्या कपाटात असे, गोपनीयता त्या ओळखीवरच विसंबून होती. नोंद राष्ट्रीय झाली, की वाचणारा अनोळखी होतो व ओळखीची जागा नियमांना घ्यावी लागते. यंत्रे व प्रणाली विकत घेता आल्या, तरी रुग्णाचा विश्वास करारपत्राने मिळविता आला नाही. सर्व काही एकत्र आणू पाहणाऱ्या योजना कोसळल्या. मोजकी माहिती, निश्चित हेतू आणि नकाराची मुभा असलेली छोटी नोंद मात्र रुजली.