गाडीचा टेप शेतात कसा आला? १२ व्होल्टची गोष्ट

आज पीकपाण्याचं नाही, आवाजाचं लिहितो. राखणीच्या माळ्यावर, ट्रॅक्टरच्या मडगार्डवर, खळ्यात एक घरगुती डबा असतो. प्लायवूडची पेटी, गाडीतला जुना टेप, दोन ओव्हल स्पीकर आणि फवारणी पंपाची १२ व्होल्ट बॅटरी. रानडुकरं हरभऱ्यात शिरू नयेत म्हणून रातभर हाच वाजतो. आपण त्याला जुगाड म्हणून सोडून देतो. पण हा जुगाड जमतो त्यामागं नव्वदेक वर्षांचा इतिहास आहे. तो कळला तर डबाही टिकतो आणि बॅटरीही.

अमेरिकेत १९३० साली गॅल्विन कंपनीनं मोटारीतला रेडिओ 'मोटोरोला' नावानं विकायला काढला. अडचण अशी, की त्या काळच्या रेडिओत काचेचे व्हॉल्व्ह असत. त्यांना शंभराच्या वर व्होल्ट लागत आणि गाडीची बॅटरी होती ६ व्होल्टची. मग व्होल्ट वाढवायला व्हायब्रेटर आणि ट्रान्सफॉर्मर बसवायचे. खर्च जास्त, बॅटरीवर ताण जास्त.

१९४७ ला बेल लॅबमध्ये ट्रान्झिस्टर तयार झाला. त्याला थोडेच व्होल्ट पुरतात. पुढं १९५० च्या दशकात अमेरिकन गाड्या ६ वरून १२ व्होल्टवर गेल्या. आता रेडिओ थेट बॅटरीवर चालायला लागला. १९६३ ला फिलिप्सनं कॅसेट आणली, ती पुढं गाडीतही बसली. नंतर गाडीसाठीच बनवलेल्या अ‍ॅम्प्लिफायरच्या आयसी आल्या. त्यातल्या टीडीए २००३ आणि एलए ४४४० आपल्याकडच्या रेडिओ दुरुस्तीवाल्यांना पाठ आहेत.

आता आपल्याकडं बघा. घरच्या टेपला २३० व्होल्ट लाइन हवी आणि शेतात लाइनचा भरवसा नाही. टू-इन-वनला सेल घालायचे तर खिसा रिकामा. पण ट्रॅक्टर १२ व्होल्टचा, जीप १२ व्होल्टची आणि अलीकडं फवारणी पंपही १२ व्होल्टचा. म्हणजे गाडीसाठी जे जे शोधलं, ते आपोआप शेतालाही लागू पडलं. शहरातल्या गाडीत नवा प्लेअर बसला की जुना भंगारात येतो, तिथून आपल्या पेटीत.

गाडीचे स्पीकर ४ ओहमचे का, त्याचंही कारण हेच. व्होल्ट वाढवता येत नाहीत, मग ओहम कमी करून करंट जास्त घ्यायचा. तेवढ्याच व्होल्टवर ८ ओहमचा घरगुती स्पीकर लावला तर ताकद निम्मी मिळते. प्लेअरवर '५० वॅट × ४' छापलेलं असतं, त्यावर जाऊ नका. गाडी चालू असताना मिळणारे १४.४ व्होल्ट धरले तरी ४ ओहमवर स्वच्छ आवाजाचे एका चॅनलला वीसेक वॅटच निघतात. बाकीचा आकडा क्षणभराचा.

पेटी का लागते? स्पीकरच्या पुढची आणि मागची हवा उलटसुलट हलते आणि उघड्यावर एकमेकीला मारते. म्हणून जाड आवाज गायब होतो. जुन्या लोकांनी स्पीकर माठाच्या तोंडावर ठेवला तो याचसाठी. पेटी सगळीकडून बंद असली की काम झालं.

आता बांधताना सांभाळायच्या गोष्टी.

१. बॅटरीच्या प्लस वायरला, बॅटरीजवळच, फ्यूज लावा. फ्यूज नसेल आणि वायर घासून शॉर्ट झाली तर कडबा पेटायला वेळ लागत नाही.

२. प्लेअरची पिवळी वायर मेमरीची, लाल चाबीची, काळी अर्थिंगची. पेटीत पिवळी आणि लाल एकत्र करून एकाच स्विचवर घ्या. पिवळी कायम जोडलेली राहिली तर बंद असतानाही प्लेअर बॅटरी पितो.

३. स्पीकरची मायनस वायर बॅटरीच्या मायनसला जोडू नका. आजकालच्या प्लेअरमध्ये दोन्ही वायरींवर करंट असतो. अर्थ केली की आयसी जळते.

४. लेड अ‍ॅसिड बॅटरी पार रिकामी करू नका. डबा बंद करून थोड्या वेळानं मीटर लावा. पूर्ण भरलेली १२.६ दाखवते. १२.२ च्या आसपास आली की अर्धी संपली, चार्जिंगला लावा. ८ अँपिअर-तासाच्या पंपाच्या बॅटरीतून १ अँपिअर घेतला तर असे चारेक तास मिळतात. रातभर वाजवायचं असेल तर मोठी बॅटरी घ्या, किंवा टायमरनं थांबून थांबून वाजवा.

५. ट्रॅक्टरच्या बॅटरीवर रातभर डबा चालवू नका. पेरणीची वाफ दोन दिवसांची असते. सकाळी सेल्फ नाही लागला तर डुकरांनी केलं नसतं एवढं नुकसान होईल.

वीज नाही तिथं १२ व्होल्टवर काय काय चालतं, हे आपल्या मिस्त्रींनी कॉलेजात न जाता ओळखलं. आज सोलर दिवे आणि झटका मशीनही त्याच हिशोबावर चालतात. डब्याचा हिशोब ज्याला समजला, त्याला तेही समजेल.

तुमच्या भागात या डब्याला काय म्हणतात, तेवढं जरूर सांगा.