कातडीची निगा : न्हाणीपासून मलमाच्या नळीपर्यंत



संयोजकांनी विषय कळवला तेव्हा आम्हाला जरा हसू आले. ‘त्वचा निरोगी आणि नितळ राहण्यासाठी रोजच्या सवयी.’ आमच्या नावामागे डॉक्टर लागते हे खरे, पण ते पीएच.डी.चे. आयुष्यभर वर्गात ज्ञान म्हणजे काय, सत्य म्हणजे काय असले प्रश्न विचारत आलो. साबण कोणता लावावा, हे आम्हाला कधी कोणी विचारले नाही. पण मग वाटले, ‘नितळ’ या शब्दाचा इतिहास आपल्याकडे फार विचित्र वळणाने गेला आहे. तो सांगावा.

सुरुवात इथूनच करू, कुणकेश्वरपासून. महाशिवरात्रीच्या यात्रेला गावोगावच्या देवांच्या पालख्या इथे येतात, आणि अमावास्येला देव समुद्रात तीर्थस्नान करतात. त्यांच्याबरोबर माणसेही लाटांत उतरतात. आता एक गोष्ट बघा. समुद्रात न्हालेला माणूस वर आला की पुढे काय करतो? गोडे पाणी शोधतो. खारे पाणी अंगावर वाळले की कातडी ओढल्यासारखी होते, काखेत-जांघेत चुरचुरते. तीर्थस्नानाचे पुण्य कितीही असो, त्यावर दोन तांबे गोडे पाणी ओतावेच लागते. हे कोणत्या पोथीत वाचून कोणी शिकले नाही, कातडीनेच शिकवले. आमच्या लहानपणी कोकणातली सगळी निगा अशीच होती. कामातून आलेली.

न्हाणी आठवा. बहुतेक घरांत ती मागच्या पडवीला. चुलीवर हंडा, शेजारी दगड, आणि सांडपाणी अळवाला किंवा केळीला. वैशाखात विहीर तळाला गेली की आंघोळ एका बादलीत आटपायची. साबण घरात असे, पण तो कपड्यांचा. अंगाला आठवड्यातून एकदा. रोज नुसते पाणी, आणि पाठ घासायला सुकलेल्या घोसाळ्याची जाळी. डोक्याला शिकेकाई, टाचांना वजरी. दिवाळीत नरकचतुर्दशीला पहाटे उटणे आणि तेल. तुळशीपुढे डाव्या पायाच्या अंगठ्याने कारीट फोडायचे, ते जिभेला लावताना तोंड वाकडे व्हायचे, आणि मोठी माणसे हसायची.

पण खरी निगा सणाची नव्हे, पावसाळ्याची. लावणीच्या दिवसांत बाया आठ-आठ तास चिखलात उभ्या. बोटांच्या बेचक्यांत कातडी पांढरी पडून फाटते, आग होते. त्याला चिखल्या म्हणतात. संध्याकाळी आजी आम्हाला ओरडायची, “आधी पाय सुके कर, मगे मुठेल लाव.” मुठेल म्हणजे कोकमाचे तेल. रातांब्याच्या बिया वाळवून, कुटून पाण्यात उकळायच्या, वर तरंगणारा स्निग्ध भाग काढून घ्यायचा आणि निवला की मुठीत दाबून गोळा करायचा. कपाटात तो मेणासारखा घट्ट राहतो आणि अंगाच्या उबेने मऊ होतो. टाचेच्या भेगेत भरला की भेग उघडी राहत नाही. आज हेच कोकम बटर मोठमोठ्या सौंदर्यप्रसाधनांत घालतात आणि त्याची किंमत ऐकून आमची आजी दुसऱ्यांदा गेली असती. आजीच्या वाक्यातला क्रम मात्र लक्षात घ्या. आधी सुके, मग तेल. ओल्या बेचकीवर तेल थापले तर बुरशीची चंगळ. कातड्याच्या डॉक्टरांना विचारा, तेही हाच क्रम सांगतील.

दुसरे उदाहरण काजूचे. काजूच्या टरफलात जे तेल असते ते हाताला लागले की फोड येतात, कातडी जळून निघते. काजू फोडणाऱ्या बाया हाताला एरंडेल किंवा राख लावून बसतात. त्यांच्या हातांकडे पाहून कोणी सुंदर म्हणणार नाही. हातांना उद्या पुन्हा कामावर जाता यावे, एवढीच त्यांची अपेक्षा. आम्हाला वाटते, निरोगी कातडीची ही सर्वांत जुनी व्याख्या असावी.

आता जरा ग्रंथांकडे वळू, कारण ती आमची खोड आहे. वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदया’त सूत्रस्थानाचा दुसरा अध्याय दिनचर्येचा. त्यात अंगाला तेल लावायला सांगितले आहे, आणि डोके, कान, तळपाय यांना विशेष. मग व्यायाम, उटणे, स्नान. गरम पाणी मानेखाली चांगले, डोक्यावर नको, केसांना आणि डोळ्यांना बाधते. उटण्याचे फळ सांगताना तिथे त्वक्प्रसाद अशा अर्थाचा शब्द येतो. प्रसाद! देवळातला नव्हे. गाळ खाली बसून पाणी स्वच्छ होते, त्या निवळण्याला संस्कृतात प्रसाद म्हणतात. चित्ताचा प्रसाद तसाच त्वचेचा प्रसाद. आपला ‘नितळ’ हा शब्दही मुळात पाण्याचाच, तळ दिसेल असे पाणी. त्यात रंग कुठेच नाही. काळ्या कातळावरचे पाणीही नितळच असते.

पण इथे आम्ही प्रामाणिक राहिले पाहिजे. सगळा दोष साहेबावर टाकण्याची आपल्याकडे सवय आहे, ती सोयीची आहे. चरकाने वर्ण सुधारणाऱ्या दहा औषधींचा वेगळा गट केला आहे, चंदन, वाळा, मंजिष्ठा वगैरे. संस्कृत काव्यात गौरवर्णाचे कौतुक भरपूर आहे. विठोबा काळा, राम-कृष्ण सावळे, देव्हाऱ्यात सगळे चालते. सून मात्र उजळ हवी, हा घोळ इंग्रज येण्याआधीचा आहे. विसाव्या शतकाने एवढेच केले, की तो घोळ बाटलीत भरून विकायला ठेवला.

ते कसे झाले, थोडक्यात सांगतो. १८८८ साली लिव्हर बंधूंचा सनलाइट साबण हिंदुस्थानात आला, १८९५ मध्ये लाइफबॉय. पुढच्याच वर्षी मुंबईत प्लेग उसळला आणि स्वच्छता हा सरकारी हुकमाचा विषय झाला. विलायती साबणात चरबी असते म्हणून सोवळ्या घरांत तो शिवेना. अर्देशीर गोदरेज यांनी १९१८ साली वनस्पती तेलाचा साबण काढला, तेव्हा धर्म आणि स्वदेशी दोन्ही अडचणी एकदम सुटल्या. इथवर साबण म्हणजे मळ आणि रोग यांच्याविरुद्धचे हत्यार. मग तो चेहऱ्याकडे सरकला. १९१९ च्या सुमाराला मुंबईत पाटणवाला यांचे अफगाण स्नो निघाले. नावातच बर्फ आहे, बघा. १९४१ साली लक्सच्या जाहिरातीत लीला चिटणीस झळकल्या, आपल्या मराठी रंगभूमीवरून गेलेल्या नटी. साबण आता सौंदर्य देऊ लागला. आणि १९७५ मध्ये फेअर अँड लव्हली आले. त्याने मळ, घाम, खाज यांचे नावही घेतले नाही. रोग एकच, सावळेपणा. ‘फेअर’ हा शब्द नावातून जायला २०२० साल उजाडावे लागले.

याच काळातली आमच्या घरातली एक गोष्ट सांगतो. आजवर कधी जाहीर बोललो नव्हतो. आमची थोरली बहीण सावळी. तिचे लग्न जमेना. पत्रिका जुळे, घर पसंत पडे, मुलगी बघून गेले की आठ दिवसांनी कार्ड येई. त्या वेळच्या वधूवर जाहिरातींत ‘गोरी, सुस्वरूप, गृहकृत्यदक्ष’ असे शब्द ठरलेले असत. आईने उपाय सुरू केले. दूध-हळद, डाळीचे पीठ, लिंबाचा रस. रोज, घासून घासून. लिंबू लावून ती अंगणात कपडे वाळत घालायला गेली आणि गालावर फोड उठले. लिंबाचा रस लागलेल्या कातडीवर ऊन पडले की ती भाजते, हे आम्हाला खूप पुढे कळले. फोड बरे झाले, काळे डाग वर्षभर राहिले. म्हणजे उजळ करायला गेलो आणि उलटेच झाले.

आम्ही तेव्हा एम.ए.ला होतो. शंकराचार्यांचे भाष्य वाचत होतो, आत्म्याला वर्ण नाही, देह म्हणजे मी नव्हे, हे सगळे पाठ. आणि घरात शेजारच्या खोलीत बहीण आरशासमोर बसून गाल चोळते आहे, तिला एका शब्दाने ‘पुरे’ म्हणावे, हे आम्हाला सुचले नाही. सुचले नाही असेही नाही. वाटले, लग्न जमत असेल तर काय हरकत? तिचे लग्न पुढे झाले, संसारही चांगला झाला. पण नंतर एकदा ती सहज म्हणाली, “तुझ्या पुस्तकात काही नव्हतं का रे तेव्हा?” आम्ही उत्तर दिले नाही. आजही आमच्याजवळ नाही.

हे जुने झाले म्हणून सोडून देता येत नाही, कारण आजचा प्रकार लिंबापेक्षा वाईट आहे. औषधाच्या दुकानात मागाल ते मलम मिळते. त्यातल्या बऱ्याच नळ्यांत तीव्र स्टेरॉइड असते. आठवड्यात चेहरा उजळतो, पुरळ बसतो, आणि माणूस खूश. पुढे कातडी पातळ होते, लाल पडते, शिरा दिसू लागतात, मुलींच्या गालावर लव येते, आणि मलम बंद केले की आग भडकते. नायट्याला, गजकर्णालाही लोक हेच लावतात. खाज थांबते आणि बुरशी आतल्या आत पसरते. देशभरच्या त्वचारोगतज्ज्ञांना गेली काही वर्षे हा हट्टी नायटा दिसतो आहे. २०२० साली जपानी संशोधकांनी अशा एका बुरशीचे नामकरण केले, ट्रायकोफायटॉन इंडोटिनिए. भारताचे नाव अशा रीतीने लागले. २०१८ मध्ये केंद्र सरकारने ही स्टेरॉइड मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत असे ठरवले. पण कागदावरचा नियम काउंटरपर्यंत पोचायला वेळ लागतो, हे तुम्ही जाणताच.

तर विषयाप्रमाणे सवयी. नवीन काही नाही. आंघोळ कोमट पाण्याने आणि थोडक्यात. कातडीचा वरचा थर जरा आम्ल असतो, साबण अल्कधर्मी, म्हणून तो काखा-जांघा-पाय यांना पुरे, साऱ्या अंगाला रोज चोळायचे कारण नाही. बेचक्या कोरड्या करा. कातडी कोरडी पडत असेल तर अंग टिपून दमट असतानाच तेल लावा, पण तोंडावर पुटकुळ्या असतील तर तिथे खोबरेल नको आणि उटण्याने घासणेही नको. पंचा प्रत्येकाचा वेगळा. घरात एकाला खरूज झाली तर औषध सगळ्यांनी एकाच वेळी घ्यावे, नाहीतर ती घरभर फिरत राहते. भर दुपारी किनाऱ्यावर डोके आणि हात झाकून जा. मासेमारी करणाऱ्यांना हे आम्ही सांगावे, म्हणजे गंमतच, पण तरुण पोरे आजकाल टोपी घालत नाहीत. आणि एखादा डाग बधिर असेल, तिथे टोचलेले कळत नसेल, तर लाजू नका. सरकारी दवाखान्यात दाखवा. तो कुष्ठरोग असला तरी औषधाने पूर्ण बरा होतो, औषध फुकट मिळते, आणि उशीर केला तरच बोटे जातात.

घरात कोणाच्या कपाटात अशी नळी असेल तर तीवरची बारीक अक्षरे वाचा. नावाच्या शेवटी ‘सोन’ किंवा ‘सॉल’ दिसले, बीटामेथासोन, क्लोबेटासॉल असे काही, तर ती डॉक्टरांना दाखवा. फार दिवस लावले असेल तर स्वतःच्या मनाने एकदम तोडूही नका, त्यांना विचारून कमी करा.

आमचा वेळ संपला आहे. मागे बसलेल्या ताई मघापासून हात वर करून आहेत, त्यांचा प्रश्न आधी घेऊ.