नळदुर्गचा पाणीमहाल

सोलापूरहून हैदराबादेकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, बोरी नदीच्या काठच्या काळ्या कातळावर उभा असलेला नळदुर्ग हा एके काळी विजापूरकरांच्या मुलखाची सरहद्द राखणारा किल्ला होता. पलीकडे अहमदनगरच्या निजामशाहीचा परांडा, जवळच दोन्ही दरबारांच्या कलहाचे कारण होऊन बसलेले सोलापूर. अशा ऐन नाक्याच्या जागी शिबंदी, दारूगोळा, धान्याची कोठारे आणि पाण्याचा बंदोबस्त यांखेरीज दुसऱ्या कशास वाव असेल, असे सहसा कोणाच्या मनात येणार नाही. आणि तरीही याच किल्ल्यात, नदीला घातलेल्या बंधाऱ्याच्या पोटात, केवळ कोसळते पाणी निवांत बसून पाहता यावे एवढ्यासाठी बांधलेला एक महाल आहे.

लोकश्रुती या स्थळाचा संबंध नळराजाशी जोडते. इतिहास त्यास बहमनी राजवटीत पाहतो आणि पुढे आदिलशाहीकडे गेलेला दाखवितो. पहिल्या अली आदिलशहाच्या अमदानीत त्याची दगडी तटबंदी सिद्ध झाली. तीही रुक्ष नाही. नऊ पाकळ्यांच्या घडणीचा नवबुरूज आणि साऱ्या परिसरावर नजर ठेवणारा उंच उपळ्या बुरूज पाहिले म्हणजे, संरक्षणाचे काम करतानाही येथील कारागिरांचा हात सौंदर्याकडे आपोआप वळत होता, अशी खात्री पटते.

बंधारा मात्र दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळचा. इ. स. १६१३ मध्ये मीर इमादीन याने तो बांधला. तेथे फारसी शिलालेखही आहे. नळदुर्ग आणि समोरचा रणमंडळ हा जोडकिल्ला यांना सांधणारी ही सुमारे ९० फूट उंचीची भिंत तीन कामे एकाच वेळी करते: वेढा पडला तर आतल्या माणसांना पाणी पुरविते, शत्रूच्या वाटेत खोल जलाशय उभा करते, आणि दोन किल्ल्यांमधली येण्याजाण्याची वाट होते. एवढे साधल्यावर कोणताही व्यवहारी कामगार थांबला असता. दगडी बंधारा पाण्याचा रेटा सोसतो तो मुख्यतः आपल्या वजनाच्या बळावर. म्हणून त्याच्या अंगात पोकळी ठेवणे म्हणजे त्याचे बळ हेतुपुरस्सर कमी करणे होय. मीर इमादीनने ते धाडस केले, आणि जिना उतरून जावे अशी दालने भिंतीच्या गर्भात कोरल्यासारखी बसविली. माथ्यावर साठलेल्या नदीचा भार, समोर कमानींच्या गवाक्षांतून दिसणारी खोल दरी, आणि दोन सांडव्यांवरून खाली झेपावणारे प्रवाह, ज्यांना गावकऱ्यांनी नर आणि मादी अशी नावे दिली. या सर्वांच्या मधोमध माणूस कोरडा बसतो. चारशे वर्षांच्या पुरांनंतरही ती भिंत उभी आहे, ह्याहून त्या स्थपतीच्या गणिताला दुसरे प्रमाणपत्र नको.

हा थाट त्या सुलतानाच्या स्वभावास साजेसाच होता. संगीताचा निःसीम भक्त, दख्खनी भाषेत ‘किताब-ए-नौरस’ रचणारा, ‘जगद्गुरू’ हे बिरुद मिरविणारा, आणि विजापूरजवळ नौरसपूर वसविणारा हा राजा होता; विजापूरच्या पूर्वेस कुमठगी येथेही आदिलशाहीचे जलविहार आहेत. परंतु कुमठगी हे विहाराचेच स्थान, नळदुर्ग सरहद्दीवरचा. जेथे उद्या तोफा धडाडतील तेथेही रसिकतेने आपला हक्क सोडू नये, ही वृत्ती मला आदिलशाहीच्या साऱ्या वैभवात अधिक मोलाची वाटते.

१६८६ साली विजापूर पडले आणि किल्ला मोगलांकडे, नंतर हैदराबादच्या निजामाकडे गेला. १८५३ च्या तहाने नळदुर्ग जिल्हा काही वर्षे इंग्रजांच्या अंमलाखाली आला, तेव्हा मेडोज टेलर हा ग्रंथकार-अधिकारी येथे डेप्युटी कमिशनर होता. महसुलाच्या कामात गढलेल्या त्या गृहस्थाने आपल्या आत्मचरित्रात या किल्ल्याचे वर्णन केले आहे. १८६० मध्ये मुलूख निजामाकडे परतला; पुढे जिल्ह्याची कचेरीही धाराशिवास गेली, आणि नळदुर्ग तुळजापूर तालुक्यातले एक गाव होऊन राहिला.

आता किल्ल्यात हिरवळ आणि बाग झाली आहे, आणि सुटीच्या दिवशी मुलाबाळांसह लोक येतात. धबधबे मात्र बारमाही नाहीत. वरच्या अंगाचे बोरी धरण भरून वाहिले तरच नर-मादी वाहतात, आणि अवर्षणग्रस्त धाराशिवात ते दर वर्षी घडतेच असे नाही. पाणी असताना गर्दी उसळते, ते योग्यच. पण ज्याला बांधणी पाहावयाची आहे त्याने कोरड्या वर्षीही जावे. त्या वेळी सांडव्यांची घडण उघडी पडते, चिऱ्यांचे सांधे डोळ्यांनी तपासता येतात, आणि गवाक्षे बरोबर त्या उंचीवर, त्या कोनात का ठेवली, हे खालच्या पात्रात उभे राहून नीट उमगते.